न झालेल्या बैठका

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी सात बैठका उरकल्या. स्टाफरूमच्या खिडकीशी बसून, एकटीने, तीन वेगवेगळी पेनं घेऊन.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, राइट टाउनमधल्या एका खासगी शाळेत मी तेव्हा विज्ञान शिकवत होते. शाळेत बाल संरक्षण समिती असावी लागते. तिने दर महिन्याला बसावं, तक्रारपेटी सगळ्यांसमोर उघडावी आणि त्यातून काय निघालं ते रजिस्टरमध्ये लिहावं, असा नियम आहे. त्या समितीची मी सचिव होते. का, तर माझं अक्षर चांगलं. एकही बैठक झालेली नव्हती, कारण बैठकीला वेळ कोणाला होता? मग तपासणी येणार असल्याचं कळलं आणि प्राचार्य मला म्हणाले, "मैम, ज़रा रजिस्टर अप-टू-डेट कर दीजिए।" शाळेत नोकरी केलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि हे काम मी मन लावून केलं. एप्रिल निळ्या पेनाने, जुलै काळ्याने. मे-जून सुट्टी, म्हणून सोडले, इतकी मी चोख. एका बैठकीत अक्षर मुद्दाम घाईचं काढलं, म्हणजे त्या दिवशी मला तास होता असं वाटावं. प्रत्येक पानावर एकच वाक्य : 'शिकायत पेटी सबके सामने खोली गई। कोई शिकायत प्राप्त नहीं हुई।' जुलै संपला तेव्हा हात चालूच होता. म्हटलं, पुन्हा पुन्हा कोण बसणार? डिसेंबरपर्यंतच्या पुढच्या बैठकाही लिहून टाकल्या. शिपाई रजिस्टर घेऊन फिरला आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन आला. प्राचार्य अध्यक्ष, पालकांचे प्रतिनिधी म्हणून एक डॉक्टर, आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाई आणि पुरुष शिक्षकांतर्फे खेळाचे सर. तारखा कोणीही वाचल्या नाहीत. तपासणीला आलेल्या बाईंनी पानं उलटली, "हैंडराइटिंग बहुत सुंदर है," म्हणाल्या, आणि मी चक्क खूश झाले.

पेटी पिण्याच्या पाण्याच्या नळांशेजारी भिंतीवर होती. वर समितीच्या पाचही जणांचे फोटो लावलेले. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. तपासणी झाली आणि मी त्या पेटीला विसरले.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली त्या आठवड्यात, सोमवारी, प्राचार्यांनी मला वर्गातून बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत सातवीतली एक मुलगी उभी होती आणि शेजारी तिची आई. आईचं घमापुरात बांगड्यांचं दुकान. मुलगी खाली बघत होती. आई म्हणाली, "बोल, मैम को बोल।" मुलीने जे सांगितलं ते चार वाक्यांचं होतं. खेळाचे सर तिला सामानाच्या खोलीत बोलावतात. त्यांच्या मोबाइलमध्ये तिचा एक फोटो आहे. आली नाहीस तर तो सगळ्यांना दाखवेन, असं ते म्हणतात. आणि चौथं वाक्य माझ्याकडे बघून : "मैंने पेटी में लिख के डाला था, मैम। दशहरे के पहले।"

पेटीची किल्ली माझ्याच खणात होती.

प्राचार्यांनी रजिस्टर मागवलं. मी आणून दिलं. त्यांनी सप्टेंबरचं पान मोठ्याने वाचलं, मग ऑक्टोबरचं. मग सवयीने पुढचं पान उलटलं आणि थांबले. तिथे नोव्हेंबरची बैठक होती, पंधरा दिवसांनी व्हायची. तक्रार नव्हती, सह्या पाचही होत्या, आणि त्यातली एक खेळाच्या सरांची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि रजिस्टर बंद झालं.

"देखिए बहनजी, सितंबर में पेटी खुली, अक्टूबर में भी खुली। कुछ नहीं निकला। लिखा हुआ है।"

"तो मेरी लड़की झूठ बोल रही है?"

"बच्ची है। घबराहट में बच्चे कुछ का कुछ कह देते हैं। हम अंदरूनी जाँच करेंगे।"

मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती. आता मैम सांगतील, अशा नजरेने. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. माझी जीभ एरवी कोणाचं ऐकत नाही, चाळीस पोरांच्या वर्गात ती विळ्यासारखी चालते, पण त्या दिवशी ती टाळ्याला चिकटून बसली.

शाळा सुटल्यावर मी पेटी उघडली. नळांपाशी कोणी नव्हतं, तरी तीनदा मागे वळून पाहिलं. चॉकलेटचे कागद निघाले. मुलींच्या बाथरूमला कडी नाही अशी एक तक्रार निघाली. आणि दोन चिठ्ठ्या निघाल्या.

पहिली त्या सातवीतल्या मुलीचीच. तिने नाव, वर्ग, तुकडी, हजेरी क्रमांक सगळं लिहिलं होतं, परीक्षेच्या पेपरवर लिहितात तसं, आणि तारीखही. शेवटी एक प्रश्न : 'मैं मना कैसे करूँ?'

दुसरीवर नाव नव्हतं. 'मुझे सर के साथ बाहर खेलने नहीं जाना है। घर पर बोल नहीं सकती।' एवढंच. पण ते अक्षर इथल्या शाळेत गिरवलेलं नव्हतं. 'खेलने'मधला आणि 'बोल'मधला ल आपल्याकडे महाराष्ट्रात काढतात त्या वळणाचा होता. असा ल काढणारी आणि खो-खोच्या संघात असलेली मुलगी शाळेत एकच होती. नववीतली. वडिलांची बँकेत बदली होऊन गेल्या वर्षी नागपूरहून आलेली. शाळेत मला मॅडम म्हणायची आणि इथल्या मराठी समाजाच्या गणपतीत काकू. म्हणजे दुसरी कोण, हे मला पेटीपाशी उभं असतानाच कळलं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे पोलिसांपुढे मी बराच वेळ 'तसा अंदाज होता' असं म्हणत राहिले. अंदाज नव्हता. माहीत होतं.

मी दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्या आणि मदन महलला घरी आले.

नवऱ्याला सगळं सांगितलं. ते ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. सरकारी कागद म्हणजे काय असतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तू लिहिलं ना, पेटी उघडली म्हणून?"

"हो."

"नाही उघडली, आणि लिहिलं. मग हे काय होते माहीत आहे का? खोटा कागद होते. आणि असं काही माहीत असून पोलिसांना न सांगणं, तो वेगळा गुन्हा. तू अंदर जाशील."

"पण पोरींचं काय?"

"पोरीची माय आहे ना? ती जाईल पोलिसात. तू काहून आपल्या अंगावर घेऊन राहिली? दीड वर्ष राहिलं तुझं रिटायर व्हायला. चूप बस."

ते वाईट माणूस नाहीत. घाबरले होते. मीही घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला जो 'चूप बस' म्हणतो तो फार शहाणा वाटतो. मी चूप बसले.

त्यानंतरचे नऊ दिवस मला एकेक आठवतात. पर्स मी सोडत नव्हते. स्वयंपाकघरात नेत होते, आंघोळीला जाताना कपाटात ठेवून कुलूप लावत होते. पेपरात माझा फोटो येणार, समाजाच्या हळदीकुंकवात बायका मी आल्यावर गप्प होणार, कोर्टात कोणीतरी ते सुंदर अक्षर उंच धरून दाखवणार, असलं काहीबाही सारखं डोळ्यांपुढे येई. त्यात त्या दोन मुली फार कमी वेळा येत. याची मला आज जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

बांगडीवाली बाई दुसऱ्या दिवशीच पोलिसात गेली. घमापूरच्या ठाण्यात म्हणाले, शाळा इकडच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, महिला अधिकारी रजेवर आहे, परवा या. परवा मुलीला पुन्हा सगळं सांगायला लावलं, आधी हवालदाराला, मग अधिकारी बाईंना. तक्रार नोंदवली नाही, साध्या कागदावर अर्ज घेतला. 'पहले जाँच होगी।' शुक्रवारी त्या अधिकारी बाई शाळेत आल्या. प्राचार्यांच्या खोलीत चहा-बिस्किटं झाली आणि मला बोलावलं. टेबलावर रजिस्टरच्या दोनच पानांच्या झेरॉक्स होत्या, सप्टेंबर आणि ऑक्टोबर. रजिस्टर स्वतः कपाटात.

"ये आपकी लिखावट है?"

"जी."

"पेटी खोली गई थी?"

मी म्हटलं, "रजिस्टर में लिखा है।"

हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बाहेर आल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं, की खोटं न बोलता सुटले. अधिकारी बाईंनी तेवढं लिहून घेतलं. पूर्ण रजिस्टर दाखवा असं त्या म्हणाल्या असत्या तर पुढचंच पान बोललं असतं. त्या म्हणाल्या नाहीत.

खेळाचे सर सुट्टीवर आहेत असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. शनिवारी ते मैदानावर होते. मी जिन्यात असताना समोरून आले, बाजूला सरून वाट दिली आणि हसून म्हणाले, "नमस्ते मैम। रजिस्टर आपने बहुत अच्छे से मेंटेन किया है।" मी "नमस्ते" म्हणाले. माझी पर्स मी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली होती आणि ते त्यांनी पाहिलं.

त्याच दिवशी कळलं की सोमवारी पहाटे खो-खोचा संघ राज्य स्पर्धेला दुसऱ्या जिल्ह्यात चालला आहे, आणि सरच घेऊन जाणार आहेत. मी प्राचार्यांकडे गेले. खरंच गेले, एवढं तरी माझ्या बाजूने लिहिते. ते म्हणाले, "मैम, नाम जा चुके हैं। अब कोच बदलेंगे तो लोग पूछेंगे क्यों बदला। एक लेडी टीचर साथ जा रही है ना।" सोबत जाणाऱ्या बाई नुकत्याच लागलेल्या, सरांना भैया म्हणणाऱ्या. मी मान डोलावली. कुंपणच शेत खातंय आणि आम्ही कुंपणाला रंग लावतोय, असं मनात आलं आणि मनातच राहिलं.

रविवारी संध्याकाळी मी नववीतल्या त्या मुलीच्या आईला फोन केला. फोन करायच्या आधी देवापुढे बसून काय बोलायचं ते ठरवलं होतं. सांगायचंच असं ठरवलं होतं. तिकडून आवाज आला, "बोला ना मॅडम," आणि मी म्हटलं, "सहामाही जवळ आली हो. विज्ञानात जरा कच्ची वाटते मला. स्पर्धेला नाही पाठवलं तर?"

"अहो मॅडम, काय सांगू तुम्हाला," ती हसून म्हणाली, "तीच म्हणून राहिली होती दोन दिवसांपासून, नाही जात म्हणून. मीच रागावली. म्हटलं, काहून नाही जात? स्टेट लेवलचं सर्टिफिकेट काय रोज मिळते का? आता बॅग भरून राहिली बिचारी. मी घेऊन घेईन तिचा अभ्यास, तुम्ही टेन्शन नका घेऊ."

मी "बरं" म्हटलं. अच्छा, चलो, ठेवते, असंही काहीतरी म्हटलं. फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, अभ्यासाचं सांगितलं.

सोमवारी बस गेली. मंगळवारी मी वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. नववीतला एक बाक रिकामा होता आणि मी तास संपेपर्यंत त्या बाजूला गेले नाही.

बुधवारी बांगडीवाली बाई शाळेत आली, मुलीचा दाखला काढून घ्यायला. ऑफिसबाहेर बाकावर बसली होती. मी दुसऱ्या बाजूने निघून जाणार होते, तिने हाक मारली. वाटलं, आता शिव्या देणार, आणि खरं सांगते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "मैम, आप बुरा मत मानिए। लड़की अब खुद कह रही है, मम्मी, शायद मैंने पेटी में डाली ही नहीं। शायद सोचा था, डाली नहीं। कहती है, मैम झूठ थोड़े ही लिखेंगी।"

तिच्या मुलीने नाव, तुकडी, क्रमांक आणि तारीख घालून लिहिलेली चिठ्ठी माझ्या काखेतल्या पर्समध्ये होती. त्या क्षणी मला वाटलेली भीती आधीच्या नऊ दिवसांतल्या भीतीपेक्षा वेगळी होती. आतापर्यंत माझं काय होईल ही भीती होती. आता मी काय केलं आहे याची होती. बारा वर्षांची पोर स्वतःच्या आठवणीवर अविश्वास ठेवायला लागली होती, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

मी त्या बाईला म्हटलं, चला. रिक्षात बसल्यावर तिला चिठ्ठी दाखवली. तिने वाचली, घडी घालून मला परत दिली आणि पूर्ण रस्ताभर बाहेर बघत राहिली.

ठाण्यात अधिकारी बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या, मी सात बैठकांचं सगळं सांगितलं ते ऐकलं, आणि त्या चिडल्या. "ये पहले क्यों नहीं बताया? मैं तो रिपोर्ट ऊपर भेज चुकी।" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आप पर भी केस बनेगा, मैम। सोच लीजिए, फिर लिखवाइए।" पोलिस ठाण्यात मला विचार करायला वेळ देण्यात आला. मी म्हटलं, नऊ दिवस विचारच करून राहिले, आता लिहा. माझा आवाज इतका चढला की बाहेरचा हवालदार आत डोकावला. इतक्या दिवसांत माझी जीभ पहिल्यांदा कामाला आली होती. मी म्हटलं, दुसरी मुलगी आत्ता त्या माणसासोबत आहे, तिकडच्या ठाण्याला फोन करा. त्या म्हणाल्या, दुसरा जिल्हा, लेखी गेल्याशिवाय होत नाही. म्हणून मी तिथूनच मुलीच्या आईला फोन केला. या वेळी अभ्यासाचं सांगितलं नाही.

आईबाप तसेच गाडी काढून निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन परत आले. ती तिथे दोन रात्री आणि तीन दिवस होती. तिथे काय झालं ते तिने आईला सांगितलं, मग मॅजिस्ट्रेटसमोर सांगितलं. मी ते वाचलेलं नाही आणि माझ्यासारखीने ते इथे लिहूही नये.

सर पकडले गेले. प्राचार्यांवर आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला, दोघांनाही जामीन मिळाला. शाळेने मला काढलं, समितीवर नवी माणसं घेतली. खटला सुरू आहे. सातवीतल्या मुलीला आईने आजोळी पाठवलं. तिची चिठ्ठी आता कोर्टाच्या कागदांत आहे, म्हणजे तिने ती टाकली होती याला आता सरकारी पुरावा आहे. तो तिच्यापर्यंत पोचला का, मला माहीत नाही.

नववीतली मुलगी परत आली त्याच्या चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले होते. नवऱ्याचं म्हणणं होतं, नको. दार आईने उघडलं. मला आत या म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही, दारातून बाजूला झाली. मुलगी पलंगावर शाल गुंडाळून बसली होती, हातात काही नाही, मोबाइल नाही, पुस्तक नाही. मी खुर्चीच्या टोकावर बसले. माफी मागायची म्हणून आले होते. तीच आधी बोलली, अगदी हळू.

"काकू, माझी चिठ्ठी तुम्हाला केव्हा सापडली?"

मी म्हटलं, "दिवाळीनंतर शाळा सुरू झाली त्या सोमवारी."

"म्हणजे मी जायच्या आधी."

"हो."

"आणि तुम्हाला कळलं होतं, मीच लिहिली म्हणून?"

"हो."

तिने शाल पायांवर नीट ओढून घेतली. रागावली असती, रडली असती, तर मी काहीतरी केलं असतं. ती फक्त समजून घ्यायला बघत होती, वर्गात एखादं समीकरण सुटलं नाही की बघायची तसं.

"मग आईला अभ्यासाचं काहून सांगितलं?"

सरकारी वकिलांनी मला नंतर हेच विचारलं, आणि मी भीतीचं उत्तर दिलं, ते लिहून घेतलं गेलं. तिला ते सांगायला मी त्या दिवशी धजले नाही. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.